अडीच पट्ट्यांची आगगाडी

मुलांनो, पन्हाळा किल्ला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सहलीत पाहिला असेल. तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव, बाजीप्रभूंचा पुतळा आणि हे सगळं बघून पाय दुखायला लागले की झुणका-भाकर! सज्जाकोठीवर उभं राहिलं की खाली शेतांचे हिरवे तुकडे दिसतात, समोर जोतिबाचा डोंगर दिसतो. रात्री गडावरून कोल्हापूरचे दिवे लुकलुकताना दिसतात. पण एक गोष्ट मात्र इथं कितीही कान टवकारले तरी ऐकू येत नाही. कोणती, सांगा पाहू?

आगगाडीची शिट्टी!

रेल्वे आमच्या पन्हाळ्याला कधी आलीच नाही. आमच्याकडच्या मुलांना ‘गाडी’ म्हटलं की लाल एस.टी.च आठवते. मी पायथ्याच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. ‘वाहतुकीची साधने’ शिकवताना मुलं बैलगाडीपासून विमानापर्यंत सगळी नावं घडाघडा सांगतात. पण ‘आगगाडीत कोण कोण बसलंय?’ असं विचारलं, की चौथीच्या वर्गात पाच-सहा हात वर येतात, आणि त्यांतले दोन हळूच खाली जातात. म्हणून आम्ही एक स्वस्तातली सहल काढतो. पन्हाळ्याहून एस.टी.नं कोल्हापूर, कोल्हापूरहून पॅसेंजरनं मिरज, आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. आज तुम्हांलाही त्याच वाटेनं न्यायचं आहे. पण आपण मिरजेला थांबायचं नाही. मिरजेहून पुढं एक छोटी गाडी जायची. ती आता नाही. तिच्या मागोमाग आपण जाणार आहोत.

वाघबीळ, केर्ली, शिवाजी पूल असं करत सुमारे वीस किलोमीटरांवर कोल्हापूर येतं. स्टेशनात शिरलं की मुलं गाडीकडं बघायच्या आधी रुळांकडं बघतात. कारण कोल्हापूरला रूळ संपतात! पुढं रस्ता आहे, दुकानं आहेत, माणसं आहेत, पण रूळ नाहीत. “बाई, पुढं का नाही नेले?” हा प्रश्न ठरलेला. पुढं सह्याद्री आडवा उभा आहे ना! घाट उतरून कोकणात वैभववाडीला जाणारा मार्ग कितीतरी वर्षं कागदावर आहे. तो होईल तेव्हा होईल. आजच्या घडीला कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन.

या मार्गाची पायाभरणी १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते झाली आणि १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर गाडी सुरू झाली. शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा. म्हणजे पायाभरणीच्या वेळी ते किती वर्षांचे होते, वजाबाकी करून बघा. सातवी-आठवीतल्या दादाएवढे! स्टेशनाला आता त्यांचंच नाव आहे.

गाडी सुटते. वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर. वळिवड्याला गाडी थांबली की मी मुलांना मुद्दाम खिडकीबाहेर बघायला लावते. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत कितीतरी लहान मुलं, १९४३ ते १९४८ या काळात इथल्या छावणीत राहिले होते. आपल्या भागात येताना त्यांनी पाहिलेलं स्टेशन हेच. असो. ती गोष्ट एवढी मोठी आहे की तिच्यासाठी वेगळा लेखच लिहावा लागेल.

जयसिंगपूर सोडलं की कृष्णेचा पूल येतो. पुलावर चाकांचा आवाज बदलतो, पोटात काहीतरी गडगडल्यासारखा. सगळा डबा ओरडतो. आणि मग येतं मिरज.

मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव. पण रेल्वेवाल्यांना मिरज ठाऊक आहे ते दुसऱ्याच कारणासाठी. एके काळी इथं तीन मापांचे रूळ एकत्र येत होते! तीन मापांचे म्हणजे काय? चला, एक छोटा प्रयोग करू. तुमच्या दप्तरातली एक फुटाची पट्टी आणि खडू घ्या. अंगणात एक सरळ रेघ ओढा. त्या रेघेपासून साडेपाच पट्ट्या मोजून दुसरी रेघ ओढा. हा झाला ब्रॉडगेज, म्हणजे आजच्या मोठ्या गाडीचा रूळ. दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर. त्यात एखादा मध्यम उंचीचा माणूस आडवा निजू शकेल. (खऱ्या रुळावर हे करायचं नाही हं! अंगणातच.) आता दुसरी जोडी काढा, मध्ये बरोबर एक मीटर अंतर ठेवून. हा मीटरगेज. आणि आता तिसरी जोडी. मध्ये फक्त अडीच पट्ट्या! म्हणजे ७६२ मिलिमीटर. तुमच्या वर्गातल्या बाकाची लांबीसुद्धा याहून जास्त असेल. हा नॅरोगेज. आपली छोटी गाडी या अडीच पट्ट्यांवरून धावायची.

पुण्याकडून मिरजेपर्यंत आणि पुढं कोल्हापूरपर्यंत आधी मीटरगेजच होता. १९७१ मध्ये तो रुंद झाला. बेळगावकडचा मीटरगेज त्यानंतरही बरीच वर्षं टिकला. आणि पंढरपूरकडं जाणारा तो अडीच पट्ट्यांचा. त्यामुळं मिरजेच्या स्टेशनात मोठी गाडी, मधली गाडी आणि बारकी गाडी अशा तिघी नांदत होत्या, एखाद्या घरात आई, ताई आणि धाकटी असावी तशा.

या धाकटीला लोक ‘बार्शी लाईट’ म्हणायचे. का, तर तिचा जन्म बार्शीचा. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. पण मुंबईकडं जाणारी मोठी रेल्वे बार्शीला टाळून कुर्डुवाडीवरून गेली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या एका इंग्रज इंजिनिअरनं ठरवलं, की कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत छोटी आणि स्वस्त रेल्वे बांधायची. १८९५ मध्ये त्याची कंपनी निघाली आणि १८९७ मध्ये गाडी धावू लागली.

कॅलथ्रॉपची युक्ती ऐकण्यासारखी आहे. रूळ बारके असले की त्यांवर जड गाडी घालता येत नाही, असं सगळे म्हणत. कॅलथ्रॉप म्हणाला, वजन किती आहे यापेक्षा ते कसं वाटलंय ते बघा. एक पोतं एकट्यानं उचललं तर कंबर मोडते. चौघांनी चार कोपरे धरले तर सहज उचललं जातं. त्यानं नियम केला, की इंजिन असो की डबा, चाकांच्या प्रत्येक जोडीवर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. मग इंजिनाला चाकंच जास्त लावली. रूळ हलके, पूल हलके, खर्च कमी, आणि तरीही गाडी भरपूर माल ओढते! हा पाच टनांचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. (हा माणूस पुढं इंग्लंडात विमानातून उडी मारण्यासाठीच्या पॅराशूटच्या मागं लागला. विमान कोसळून त्याचा एक मित्र गेला होता. डोक्यात एक किडा शिरला की तो पुरा केल्याशिवाय काही माणसांना झोपच लागत नाही.)

बार्शी लाईट वाढत गेली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये मिरजेला. लातूर ते मिरज असा सव्वातीनशे किलोमीटर लांबीचा बारका रस्ता तयार झाला. सगळा कोरडा, पाऊस कमी पडणारा मुलूख. मोटारी नव्हत्या, धड रस्ते नव्हते. आषाढी-कार्तिकीला तर विचारूच नका! पंढरीची वाट पायी चालणं ज्यांना जमत नसे, त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना या गाडीनं विठोबाच्या दारात नेऊन सोडलं. १९५४ साली ही खाजगी रेल्वे सरकारनं विकत घेतली.

मग हिला बंद का करावं लागलं?

एक कारण मिरजेला उभं राहिलं असतं तर तुम्हांला दिसलं असतं. समजा, लातूरहून मिरजेला शंभर पोती आली आणि पुढं कोल्हापूरला जायची आहेत. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चालणार कसा? म्हणजे हमालांनी शंभर पोती उतरवायची, पाठीवर वाहायची आणि दुसऱ्या गाडीत भरायची. माल फुटणार, वेळ जाणार, पैसे जाणार. माणसांचंही तेच. ट्रंक, वळकटी, पोरंबाळं घेऊन या गाडीतून त्या गाडीत. शिवाय वेग! पुढं डांबरी रस्ते झाले, एस.टी. गावोगाव पोचली, ट्रक आले. एस.टी. तीन-चार तासांत पोचवायची, तिथं छोटी गाडी दिवस खायची. ‘चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं वेचायची आणि पळत जाऊन पुन्हा गाडीत बसायचं,’ अशी चेष्टा प्रत्येक छोट्या गाडीबद्दल करतात, तशी हिच्याबद्दलही करायचे.

माझ्या आज्जीला ही चेष्टा मुळीच खपायची नाही. आज्जीचं माहेर ढालगावच्या बाजूला. लग्न होऊन ती पार पन्हाळ्याखाली आली. माहेरी जायचं म्हणजे मिरजेहून बारकी गाडी. तिच्या लेखी ती गाडी म्हणजे माहेरचंच माणूस. २००६ साली मी डी.एड.ला होते, तेव्हा तिच्याबरोबर मी त्या गाडीत शेवटची बसले. तेव्हा पंढरपूर ते कुर्डुवाडी हा तुकडा आधीच रुंद झाला होता आणि आता मिरजेकडचाही होणार, अशी बोलणी डब्याडब्यात चालू होती.

डबा कसा होता, सांगू? समोरासमोर बसलं की तुमचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागणार. त्यामुळं अनोळखी राहायची सोयच नव्हती! आरग येईपर्यंत समोरच्या बाईंनी आमचं गाव, माझं शिक्षण आणि आज्जीच्या गुडघेदुखीचं औषध, सगळं विचारून घेतलं होतं. बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ. प्रत्येक स्टेशन म्हणजे एक बुटकं घर, एक-दोन कडुनिंब आणि कुणाची तरी वाट बघत उभी असलेली चार माणसं. गाडी इतकी ठेंगणी, की फलाट जेमतेम वीतभर उंच असला तरी चालायचा. एकजण दुधाची किटली घेऊन चढला. एका आजोबांनी धोतराच्या सोग्यात शेंगा बांधून आणल्या होत्या. त्यांनी अख्ख्या बाकाला मूठ मूठ वाटल्या. खिडकीबाहेर कुसळं, बाभळी, मधूनच द्राक्षाचा मांडव. उन्हं कलायला लागली तरी आम्ही आपले डुलत चाललो होतो.

“आता गाडी मोठी हुणार म्हणं,” आज्जी म्हणाली. “हुंदे की. पर मोठी झाल्यावर आपल्यासाठी थांबंल व्हय गं ती?”

मला काही उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, “थांबेल की आज्जी.” ती माझ्याकडं बघून हसली. लहान मुलाच्या बोलण्यावर मोठी माणसं हसतात ना, तसं.

त्यानंतर काही काळानं मिरज-पंढरपूर छोटी गाडी थांबली. रूळ उखडले गेले. माती-खडी टाकून नवा भराव झाला, पूल पुन्हा बांधले गेले. २०११ सालापासून त्याच वाटेनं मोठी गाडी धावू लागली. पलीकडं कुर्डुवाडी ते लातूर तुकडाही २००८ पर्यंत रुंद झाला होता. आणि गंमत म्हणजे, जुना बारका रस्ता ज्या शहराला बगल देऊन जायचा, ते उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, नव्या आखणीत रेल्वेवर आलं. एकाची गाडी गेली, दुसऱ्याला पहिल्यांदाच मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी गोड गाडी बंद केली, हे वाईटच झालं! थांबा. २०१६ सालचा उन्हाळा आठवणारी माणसं घरात असतील, त्यांना विचारा. लातूरला भयंकर दुष्काळ पडला होता. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा ठरलं, की मिरजेहून कृष्णेचं पाणी आगगाडीनं लातूरला न्यायचं. राजस्थानात कोट्याला टाक्यांचे डबे आतून धुऊन स्वच्छ केले आणि मिरजेला आणले. ११ एप्रिलला दहा टाक्यांची पहिली गाडी निघाली आणि १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. एकेका टाकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. दहा टाक्या म्हणजे पाच लाख लिटर. घरातली दहा लिटरची बादली घ्या आणि किती बादल्या झाल्या ते काढा. पुढं तर पन्नास टाक्यांची गाडी जाऊ लागली. ‘जलदूत’ असं तिचं नाव. पावसाळा येईपर्यंत ती खेपा करत होती.

आता तो पाच टनांचा आकडा आठवा बरं! एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पन्नास हजार लिटर म्हणजे पन्नास टन, आणि टाकीचं वजन वेगळंच. बार्शी लाईटच्या डब्याला चाकांच्या चार जोड्या. प्रत्येकीवर पाच टन, म्हणजे डब्यासकट सगळं मिळून वीस टन! त्या अडीच पट्ट्यांवर अशी एक टाकीसुद्धा उभी राहिली नसती. कॅलथ्रॉपनं १८९७ मध्ये केलेला हिशेब त्या काळासाठी पक्का होता, पण २०१६ च्या तहानेला तो पुरला नसता. ही गाडी गेली तो रस्ता कुठला? मिरज, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. आज्जीच्या बारक्या गाडीचाच रस्ता.

दुसरी गोष्ट सांगोल्याची. सांगोला डाळिंबांसाठी नावाजलेलं. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे याच सांगोल्याहून निघाली, ती थेट पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याजवळच्या शालिमारला. दोन हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास! डाळिंबं, द्राक्षं, ढोबळी मिरची, कोबी. जुन्या दिवसांत ही फळं कुर्डुवाडीला एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावी लागली असती. त्यांतली किती चेपली असती कोण जाणे!

आज कोल्हापूरहून सुटलेली एक्स्प्रेस पंढरपूर, लातूर करत थेट नागपूरला जाते. कुठंही ट्रंक उतरवायला नको. हे सगळं चांगलंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आज्जीच्या प्रश्नाचं काय? त्याचं उत्तर अर्धंमुर्धंच आहे. पॅसेंजर लहान स्टेशनांवर थांबते, पण दिवसातून तिच्या वेळा मोजक्या. एक्स्प्रेस मात्र धूळ उडवत, शिट्टी घालत निघून जाते. फलाटावरची चार माणसं डोळ्यांवर हात धरून तिच्याकडं बघत राहतात. मोठी गाडी लांबच्या माणसांना जवळ आणते हे खरं, पण जवळच्या माणसांना ती कधीकधी विसरते. रेल्वेचं वेळापत्रक करणाऱ्यांनी एकदा तरी अशा फलाटावर तासभर उभं राहून बघावं, असं मला वाटतं.

आणि मोठं होण्यासाठी थांबलेली गाडी वेगळी, नुसतीच थांबलेली गाडी वेगळी. नागपूर ते नागभीड ही विदर्भातली छोटी गाडी २०१९ मध्ये थांबवली ती रूळ रुंद करण्यासाठी. पण विदर्भातल्याच ‘शकुंतला’ची गोष्ट ऐका. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर असा तिचा १८९ किलोमीटरांचा रस्ता. हीसुद्धा अडीच पट्ट्यांची! वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीवर चढवायचा, तिथून मुंबई, मुंबईहून जहाजानं इंग्लंडातल्या गिरण्या, यासाठी इंग्रज कंपनीनं ती बांधली. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन तिला सत्तर वर्षांहून जास्त काळ ओढत होतं. १९९४ मध्ये त्याला विश्रांती मिळाली आणि डिझेलचं इंजिन आलं. गावातल्या गरीब माणसांना एस.टी.पेक्षा तिचं तिकीट परवडायचं. मग २०१० नंतरच्या वर्षांत तिच्या फेऱ्या एकेक करत थांबल्या. रूळ रुंद करण्याच्या घोषणा झाल्या. लोकांनी सभा घेतल्या, आंदोलनं केली. पण जलदूतसारखी, किसान रेल्वेसारखी काही गोष्ट सांगावी, तर शकुंतलेच्या रुळावर ती अजून घडलेली नाही. रुळांमध्ये गवत वाढलंय.

असं फक्त आपल्याकडंच होतं असं मात्र समजू नका. ज्या इंग्लंडातून आगगाडी आली, तिथं १९६३ मध्ये बीचिंग नावाच्या साहेबांनी हिशेब मांडला आणि सांगितलं, की रेल्वे तोट्यात आहे, तेव्हा सुमारे पाच हजार मैल रस्ता आणि २३६३ स्टेशनं बंद करा! सगळी बंद झाली नाहीत, पण पुष्कळ झाली. त्याच्याही आधीची एक गोष्ट. आपल्या कॅलथ्रॉपनं बार्शीच्या धर्तीवर इंग्लंडात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात अडीच फुटी रेल्वे आखली होती. १९०४ मध्ये ती सुरू झाली आणि अवघ्या तीस वर्षांत, १९३४ मध्ये, बंद पडली. म्हणजे बार्शीचं बाळ आईच्या कितीतरी आधी गेलं. पण तिथल्या लोकांनी रूळ काढल्यावर ती वाट मोडू दिली नाही. तिची पायवाट केली. आज लोक तिथं चालायला आणि सायकल फिरवायला जातात. वेल्स प्रांतात तर टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे बंद पडायला आली, तेव्हा १९५१ मध्ये हौशी माणसांनी एकत्र येऊन ती स्वतःच चालवायला घेतली. कुणी मास्तर, कुणी कारकून. सुट्टीच्या दिवशी येऊन कुणी कोळसा टाकायचा, कुणी तिकिटं फाडायचा. ‘थॉमस’ नावाच्या निळ्या इंजिनाच्या गोष्टी तुमच्यापैकी काहींनी टी.व्ही.वर पाहिल्या असतील. त्या गोष्टी लिहिणारे ऑड्री नावाचे पाद्रीही तिथं काम करायला जात. टॅलिलिन आजही धावते.

आपल्याकडं शकुंतलेचं असं काही करता येईल का? सांगणं अवघड आहे. वेल्सच्या डोंगरात मौजेसाठी फिरायला येणारे प्रवासी पुष्कळ. शकुंतलेत बसायचे ते बाजाराला आणि दवाखान्यात जाणारे लोक. त्यांना जुनी गाडी नको आहे, वेळेवर येणारी गाडी हवी आहे.

आता तुम्हांला छोटी गाडी बघायचीच असेल, तर नेरळला जा. माथेरानची गाडी अडीच नव्हे, दोनच पट्ट्यांची! १९०७ साली सुरू झालेली. २००५ च्या त्या मोठ्या पावसात तिचे रूळ वाहून गेले, तरी २००७ मध्ये ती पुन्हा डोंगर चढू लागली. आणि हिचा आपल्या गोष्टीशी अजून एक धागा आहे. बार्शी लाईटचा जुना कारखाना कुर्डुवाडीला होता. तो बंद झाला नाही. माथेरानच्या गाडीच्या मोठ्या दुरुस्त्या तिथंच होतात. छोट्या डब्यांची नाडी ओळखणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तिथंच तयार झाले ना!

पण नेरळ कुठं आणि कुर्डुवाडी कुठं! दोन पट्ट्यांचे रूळ काही कुर्डुवाडीपर्यंत जात नाहीत. मग ते डबे तिथं पोचतात कसे? ट्रकवर बसून! तेव्हा पुण्याहून सोलापूरकडं एस.टी.नं निघालात, तर खिडकीजवळची जागा धरा. एखादे वेळी आख्खा आगगाडीचा डबा दोरखंडांनी बांधून घेऊन ऐटीत चाललेला ट्रक तुमच्या शेजारून जाईल.